बेटावरचे थाई जेवण कसे शोधावे : रसायनी परिसरातील खवय्या कुटुंबांसाठी

रसायनी, मोहोपाडा, खोपोली किंवा कर्जत येथील एखादे खवय्ये कुटुंब थायलंडमधील फुकेत बेटाची सहल ठरवते, तेव्हा विमानाची तिकिटे, राहण्याची सोय आणि बोटीच्या फेऱ्या यांची आखणी फार आधीपासून चालते, जेवणाचा विचार मात्र तिथे पोचल्यावर पाहू म्हणून मागे राहतो. मग ज्या देशाची पाककला जगभर वाखाणली जाते, त्या देशात चार-पाच दिवस काढूनही किनाऱ्यालगतच्या पंजाबी थाळीवर किंवा पिठाळ, गोडसर हिरव्या रश्शावर समाधान मानून परतावे लागते. हे टाळता येण्याजोगे आहे. कोणता पदार्थ त्या बेटाचा आहे, तो दिवसाच्या कोणत्या वेळी शिजतो आणि स्थानिक माणूस तो कुठे बसून खातो, एवढे समजून घेतले तर हॉटेलांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याची फारशी आवश्यकता उरत नाही. शिवाय नारळ, सुकी मासळी, आमसूल आणि हळद यांवर पोसलेली रायगडची जीभ या शोधासाठी बरीचशी तयारच असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पाताळगंगेच्या काठी रसायन उद्योगाभोवती वाढलेल्या रसायनीच्या वसाहतीला परप्रांतीय चवींची सवय जुनी आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीमुळे आणि तिच्या आसपास उभ्या राहिलेल्या इतर कारखान्यांमुळे अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे शेजारी-शेजारी राहिली, आणि दुसरीकडे आगरी-कोळी स्वयंपाकाचा वारसा पेण-उरणच्या बाजूने आठवडे बाजारापर्यंत सुकट, जवळा आणि बोंबील घेऊन येत राहिला. नवे पदार्थ खाऊन पाहण्याची उत्सुकता आणि खारवलेल्या मासळीच्या वासाची ओळख, या दोन्ही गोष्टी ज्या घरात आहेत त्या घराला दक्षिण थायलंडचे जेवण परके वाटण्याचे कारण नाही.

फुकेत हे थायलंडमधील सर्वांत मोठे बेट असून ते अंदमान समुद्रात, मुख्य भूमीच्या अगदी जवळ आहे; १९६७ साली खुल्या झालेल्या सारासिन पुलाने ते मुख्य भूमीशी जोडले गेले. पर्यटन येण्याच्या कितीतरी आधी या बेटाची संपत्ती कथिलाच्या खाणींतून आली आणि त्या खाणींवर काम करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात चीनच्या फुजियान प्रांतातून होक्कियन भाषक लोक मोठ्या संख्येने आले. स्थानिक घराण्यांशी त्यांचे विवाहसंबंध जुळून जो मिश्र समाज तयार झाला त्याला बाबा किंवा पेरानाकन म्हणतात. यात मलय वंशाच्या मुस्लिमांची मोठी वस्ती आणि उराक लावोय या समुद्रावर जगणाऱ्या जमातीची मासेमारी मिळवली, की बेटाच्या स्वयंपाकघराचे चित्र पुरे होते. युनेस्कोने २०१५ साली फुकेतला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली ती या मिश्रणामुळेच, आणि थायलंडमधील हा मान मिळवणारे ते पहिले शहर होते.

या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ असा की भारतात ज्याला थाई जेवण म्हणून ओळखले जाते, ते बहुतांशी मध्य थायलंडचे, म्हणजे बँकॉकच्या परिसराचे जेवण असते आणि फुकेतला ते मिळत असले तरी तिथे ते पाहुणेच असते. परतलेल्या सेवया म्हणजे पाड थाई हा पदार्थ १९३०-४० च्या दशकांत पंतप्रधान पिबुनसोंग्राम यांच्या राजवटीत राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणला गेला. त्याच्या शोधात फुकेतचे बाजार पालथे घालण्यापेक्षा तिथल्या होक्कियन मी या जाड पिवळ्या सेवया खाव्यात, कारण त्या त्या मातीतल्या आहेत. केंग सोम हे हळद घातलेले, नारळ नसलेले आंबट-तिखट माशांचे कालवण. नारळाच्या दुधातील खेकड्याची केंग पू, जी तांदळाच्या बारीक सेवयांबरोबर खातात. खुआ क्लिंग हा खिम्याचा सुका, झणझणीत प्रकार. मू होंग हे मिरी, लसूण आणि सोया यांत मंद आचेवर शिजवलेले डुकराचे मांस. आणि नाम प्रिक कुंग सियाप ही धुरावर वाळवलेल्या कोळंबीची चटणी, जी कच्च्या व उकडलेल्या भाज्यांबरोबर वाढतात : एवढी नावे कागदावर लिहून जवळ ठेवली तरी शोधाला दिशा मिळते. केंग या शब्दाचा अर्थ रस्सा किंवा कालवण असा व्यापक आहे आणि नाम प्रिक म्हणजे मिरचीची कुटलेली चटणी.

चव ओळखण्यासाठी घटक ओळखावे लागतात. थाई वाटणातील गवती चहा हा आपल्या परसातलाच आहे, मात्र आपण चहासाठी त्याची पाने वापरतो आणि थाई स्वयंपाकात बुडख्याकडील पांढरट, गुबगुबीत देठ कुटला जातो. खा नावाचा कंद म्हणजे कुलिंजन. तो काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेला मिळतो, पण त्याचा रेझिनसारखा, थंडावा देणारा वास ताज्या कंदातच असतो आणि आले ही त्याची जागा घेऊ शकत नाही. मकरूत लिंबाचे पान एकाखाली एक अशा दोन भागांचे दिसते आणि चुरगळल्याबरोबर तीव्र वास देते. कापी म्हणजे खारवून, उन्हात वाळवून, कुटून मुरवलेला बारीक कोळंबीचा गोळा. आपल्याकडील जवळा ज्या प्रकारच्या सूक्ष्म कोळंबीचा असतो त्याच प्रकारच्या कोळंबीपासून तो होतो, त्यामुळे जवळ्याची चटणी आवडणाऱ्याला कापीचा वास पहिल्या क्षणी उग्र वाटला तरी ओळखीचा वाटेल. नाम प्ला हे मासे मिठात अनेक महिने मुरवून गाळलेले पातळ पाणी असून थाई स्वयंपाकात बहुतेक ठिकाणी मिठाचे काम तेच करते. दक्षिणेकडील कालवणांत आंबटपणासाठी सोम खाएक नावाच्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात. हे फळ कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतील असल्याने आमसुलाचे सार किंवा आमसूल घातलेले माशांचे कालवण खाणाऱ्याला केंग सोमची आंबट बाजू चटकन उमगते.

तुळशीचा उल्लेख वेगळा करावा लागतो. खिमा आणि मिरची यांच्याबरोबर परतला जाणारा कफ्राव हा पाला म्हणजे वृंदावनातील तुळशीच्याच जातीचा पाला होय. तुळस मांसाबरोबर शिजलेली ज्या घरात चालणार नाही, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे आणि होरफा नावाच्या, बडीशेपेसारखा गोडसर वास असलेल्या दुसऱ्या सब्जावर्गीय पाल्याचे पदार्थ निवडावेत. हिरव्या रश्शात सहसा होरफाच असतो.

चांगल्या-वाईटाची सर्वांत विश्वासार्ह खूण नारळाच्या दुधात सापडते आणि ती कोकणी स्वयंपाकाच्या नेमकी उलट असल्याने ती समजावून सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे कालवणात नारळाचे दूध घातल्यावर आच मंद करतात आणि ते फुटू नये म्हणून ढवळत राहतात, दूध फुटले की बिघडले असे समजतात. थाई स्वयंपाकात अनेक कालवणांची सुरुवातच दूध फोडण्याने होते : पहिले दाट दूध कढईत एकट्याने उकळत ठेवतात, त्यातील पाणी आटते, बुडबुड्यांचा आवाज ओलसर खदखदीपासून कोरड्या चरचरीपर्यंत बदलतो आणि कडेने स्वच्छ तेल सुटू लागते, त्या सुटलेल्या तेलात वाटण परतले जाते आणि मगच पातळ दूध पडते. म्हणून नीट केलेल्या लाल किंवा हिरव्या केंगच्या पृष्ठभागावर वाटणाच्या रंगाचे तेलाचे लहान थेंब तरंगताना दिसतात, रस्सा चमच्यावरून पाण्यासारखा ओघळतो आणि भातात झिरपतो. याउलट रस्सा सायीसारखा एकसंध, जाड आणि मंद रंगाचा दिसत असेल, तर त्यात बहुधा पीठ आहे किंवा डब्यातील दुधात तयार वाटण नुसते कालवले आहे. आपल्या भागातील रिसॉर्टांच्या बुफेत थाई करी म्हणून जे बरेचदा वाढले जाते ते याच दुसऱ्या प्रकारचे असते. थाई जेवण गोड आणि बेचव असते असा जो समज अनेक घरांत पक्का झाला आहे तो त्यातूनच आला, आणि तो दूर होणे निकडीचे आहे.

प्रवासाआधी एकदा घरी प्रयोग करून पाहणे फार उपयोगाचे ठरते. मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडईत म्हणजे क्रॉफर्ड मार्केटात परदेशी भाज्या विकणाऱ्यांकडे ताजे कुलिंजन आणि मकरूत लिंबाची पाने मिळतात, गवती चहा परसात असतोच. वाटण मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवण्याऐवजी दगडी खलबत्त्यात कुटावे. आधी भाजलेले धने-जिरे आणि मिरी, मग मीठ व भिजवलेल्या सुक्या मिरच्या, त्यानंतर कुलिंजन, गवती चहाचे देठ आणि लिंबाची साल असे चिवट पदार्थ, मग छोटे कांदे व लसूण आणि शेवटी कापी, असा क्रम ठेवला जातो, कारण ओले पदार्थ आधी घातले तर चिवट तंतू घसरत राहतात आणि कुटले जात नाहीत. कापी मिळाली नाही तर भाजलेल्या जवळ्याची पूड घालून काम भागते, चव तंतोतंत येत नसली तरी दिशा कळते. मुंबईतच कफ परेड येथील प्रेसिडेंट हॉटेलात आनंद सॉलोमन या पाकतज्ज्ञांच्या हाताखाली १९९३ साली सुरू झालेल्या थाई पॅव्हिलियनने भारतातील थाई जेवणाची पातळी ठरवली. असे एखादे जेवण खर्चिक असले तरी परदेशी जाण्यापूर्वी तुलनेसाठी एकदा घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

फुकेतमध्ये मुक्कामाची जागाच निम्मा प्रश्न सोडवते. बहुतेक सहल कंपन्या पश्चिम किनाऱ्यावरील पातोंग, करोन किंवा काता येथे उतरवतात, तर बेटाचे खरे जेवण आग्नेयेकडील फुकेत टाउन या जुन्या शहरात शिजते. पातोंगपासून ते डोंगर ओलांडून साधारण १५ किलोमीटर आहे. किनारा हवाच असेल तर मुक्काम विभागावा आणि किमान दोन रात्री जुन्या शहरात काढाव्यात, म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचा बाजार दोन्ही चालत जाऊन गाठता येतात. ते जमत नसेल तर दिवसा रानोंग रस्त्यावरील बाजारापासून किनाऱ्यांकडे स्थानिक बसगाड्या जातात, संध्याकाळनंतर मात्र त्या मिळतील असे धरू नये आणि मोबाइलवरून भाड्याची गाडी मागवावी.

वेळेचे गणित आणखी महत्त्वाचे. थायलंडचे घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे असते, म्हणजे आपल्या सवयीने साडेआठला उठणारे कुटुंब तिथे दहाला उठते, आणि तोवर बेटावरचे सर्वांत चांगले जेवण संपत आलेले असते. खानोम चीन हा फुकेतच्या सकाळचा पदार्थ आहे : तांदळाच्या पिठाच्या, दक्षिण कोकणातील शिरवाळ्यांशी नाते सांगणाऱ्या मऊ सेवयांवर माशांचा, खेकड्याचा किंवा कोंबडीचा रस्सा ओततात आणि टेबलावर कच्ची पाने, काकडी, मोड, लोणची, उकडलेली अंडी व चिंग चांग नावाचे, मांदेलीच्या कुळातील तळलेले बारीक सुके मासे मांडून ठेवतात, त्यांतून ज्याने त्याने हवे ते घ्यायचे. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी बायांकडून रानभाज्या घेणाऱ्या घराला त्या पानांच्या ढिगाचे अप्रूप वाटेल, आणि अनोळखी पान आधी टोक चावून पाहून मग घेणे हेही त्यांना सांगावे लागणार नाही.

दुपारसाठी खाव केंग शोधावे. खाव म्हणजे भात. खाव केंग म्हणजे पहाटे शिजवलेली दहा-पंधरा कालवणे आणि भाज्या काचेमागे किंवा पातेल्यांत मांडून भातावर वाढणारी खानावळ. येथे भाषेची अडचण जवळजवळ राहत नाही, कारण पदार्थ डोळ्यांसमोर असतो आणि बोट दाखवून मागता येतो. अकरा ते साडेबारा ही वेळ उत्तम. त्यानंतर कचेरीतील मंडळी येऊन चांगले पदार्थ आधी संपवतात, आणि दुपारी तीनला भरलेली पातेली दिसली तर ती शिळेपणाची नसली तरी गिऱ्हाईक कमी असल्याची खूण समजावी. संध्याकाळी पर्याय वाढतात. यावराट आणि दिबुक रस्त्यांच्या कोपऱ्यावरील लोक तियान या जुन्या खाद्यगृहात अनेक विक्रेते एका छपराखाली होक्कियन पदार्थ विकतात. दिबुक रस्त्यावरील जुन्या चिनी-पोर्तुगीज धाटणीच्या वाड्यातील राया हे उपाहारगृह खेकड्याच्या केंगसाठी नावाजलेले आहे. आणि रविवारी संध्याकाळी थलांग रस्ता वाहनांना बंद होऊन पदपथ-बाजार भरतो. मिशलिन मार्गदर्शिकेत फुकेतचा समावेश २०१९ च्या आवृत्तीपासून आहे आणि तिचा बिब गुरमाँ हा वर्ग माफक दरातील चांगल्या जेवणासाठी असल्याने कुटुंबांनी तारांकित नावांपेक्षा तो वर्ग पाहावा, मात्र ती यादी दरवर्षी बदलते.

टेबलावर बसल्यावर मागवण्यातही एक रीत आहे. थाई जेवणात प्रत्येकाचे स्वतंत्र ताट नसते. भात ज्याचा त्याचा आणि बाकी सारे मध्यभागी, सर्वांचे. सहा जणांच्या कुटुंबाने एक नारळाची केंग, एक आंबट कालवण, एक तळलेला मासा किंवा सुका प्रकार, एक परतलेली पालेभाजी आणि एक नाम प्रिक असे मागवले तर खारट, आंबट, गोड आणि तिखट या चार चवी एकमेकींना सावरतात. नारळाचे दोन रस्से एकत्र मागवले तर जेवण जड होते आणि तीन तिखट पदार्थ मागवले तर मुलांना काहीच उरत नाही. एकेक पदार्थ चाखून त्याची चव एकट्याने जोखणे हे थाई जेवणावर अन्याय करणारे आहे. भातावर एका वेळी एकाच पदार्थाचे दोन-तीन चमचे घेऊन तो संपल्यावर दुसरा घ्यावा. काटा डाव्या हातात धरून अन्न चमच्यावर सारायचे आणि चमच्याने खायचे अशी तिथली पद्धत आहे, काड्या फक्त सेवयांसाठी.

मासळीप्रेमींनी बेटाच्या दक्षिण टोकाकडील रावाय येथील बाजाराला अर्धा दिवस द्यावा. उराक लावोय कोळ्यांच्या वस्तीला लागून ओळीने मासळीचे ठेले आहेत आणि समोर ती शिजवून देणारी उपाहारगृहे. मासळी एका बाजूला वजनावर घ्यायची, शिजवण्याचे पैसे दुसऱ्या बाजूला द्यायचे. खरेदीचे नियम उरण-करंजाच्या बाजारातले आहेत तेच : गलफडे उचलून लाली पाहावी, डोळा फुगीर आहे का पाहावे, खेकडा हातात उचलून त्याचा भार जोखावा. दर ठरवण्याआधी वजन कोणत्या एककाचे आहे ते विचारावे आणि शिजवणाऱ्याशी पदार्थ नेमका ठरवावा. हळद-लसूण लावून तळलेला मासा आणि लिंबू-मिरचीत वाफवलेला मासा हे दोन सांगितले की सहसा निराशा होत नाही.

शाकाहारी व्यक्ती सोबत असतील तर मात्र आधीची तयारी अपरिहार्य आहे, कारण थाई स्वयंपाकात मासळी दिसत नाही तिथेही असते. साध्या परतलेल्या पालेभाजीत नाम प्ला किंवा कालवांचा सॉस, कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकी कोळंबी, भाज्यांच्या केंगच्या वाटणात कापी आणि काही ठिकाणी तळणीत डुकराची चरबी असते. मांस नको एवढे सांगून भागत नाही. म्हणून जे हा शब्द लक्षात ठेवावा. चिनी-बौद्ध परंपरेतील जे आहारात मांस, मासे, अंडी, दूध हे सर्व वर्ज्य असते आणि कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही घालत नाहीत. अशा खानावळीवर पिवळ्या निशाणावर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो आणि किन जे म्हणजे मी जे आहार घेतो एवढे म्हटले की पुढचे समजते. मांसावहिरात हा दुसरा शब्द सैल अर्थाचा असून त्यात अंडी-दूध चालते. जैन कुटुंबांनी ध्यानात घ्यावे की जे जेवणात कांदा-लसूण नसला तरी मुळा, बटाटा यांसारखी कंदमुळे असू शकतात. सामान्य खानावळीत माय साय नाम प्ला, म्हणजे नाम प्ला घालू नका, आणि माय साय कापी ही दोन वाक्ये थाई लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी दाखवणे उच्चारापेक्षा भरवशाचे. मांसाहारींनाही काही शब्द हवेत : मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे गोमांस, काय म्हणजे कोंबडी, खाय म्हणजे अंडे, प्ला मासा, कुंग कोळंबी, पू खेकडा. क आणि ख यांतील फरक थाई भाषा मराठीसारखाच पाळते, त्यामुळे कोंबडी आणि अंडे यांची गल्लत मराठी माणसाकडून तरी होऊ नये.

शाकाहारी कुटुंबांना फुकेत पाहण्याचा सर्वोत्तम काळ म्हणजे तिथला नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत तो होतो, कथू या खाणकामगारांच्या जुन्या गावात त्याची सुरुवात झाली असे मानले जाते, आणि त्या काळात रानोंग रस्त्याजवळील जुई तुई देवळाच्या परिसरात दुतर्फा जे पदार्थांचे ठेले लागतात. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालत असल्याने हा उत्सव आणि आपले शारदीय नवरात्र पुष्कळदा एकाच प्रतिपदेला सुरू होतात; २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तसे घडले, २०२५ मध्ये मात्र चिनी अधिक महिन्यामुळे उत्सव नवरात्रानंतर जवळजवळ महिनाभराने आला, म्हणून तारखा दरवर्षी पडताळून पाहाव्यात. येथे एक गैरसमज होऊ शकतो : जे जेवण पूर्ण शाकाहारी असले तरी ते उपवासाचे नसते, त्यात भात, गव्हाच्या चिवट भागाचे मांससदृश पदार्थ आणि सोयाबीन भरपूर असते, तेव्हा नवरात्राचे उपवास धरणाऱ्यांनी शहाळी, रताळी आणि फळे यांवर भर द्यावा, फुकेतचा लहान, कुरकुरीत अननस या कामी उत्तम. मिरवणुकांत अंगात आलेले भक्त गालांतून सळ्या आरपार घेतात, लहान मुले घाबरतील असे वाटल्यास मिरवणुकीच्या वेळा टाळून संध्याकाळी खाण्यासाठी जावे.

मुलांसाठी मुस्लिम वस्तीतील रोटी हा मोठा आधार आहे. मैद्याची ताणून, घडी घालून भाजलेली ही रोटी सकाळी मस्समन या सौम्य कालवणाबरोबर मिळते, ज्यात दालचिनी, वेलची, बटाटा आणि शेंगदाणे असल्याने ते आपल्या मसाल्यांच्या जवळचे वाटते. बाय लियांग नावाची कोवळी पाने अंड्याबरोबर परतून करतात तोही बिनतिखट प्रकार आहे. गोडात तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांची निखाऱ्यावरची कुरकुरीत आ-पोंग आणि बर्फाच्या चुऱ्यावर वाढलेली ओ-एव ही जेली चुकवू नये. माय फेत म्हणजे तिखट नको, असे सांगता येते, पण वाटणाचे केंग आधीच शिजलेले असल्याने ते कमी तिखट करून मिळत नाही, हे लक्षात ठेवून मुलांसाठी आयत्या वेळी परतले जाणारे पदार्थ घ्यावेत. शेंगदाणा किंवा कोळंबी यांची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र बाजारातील जेवणाचा मोह आवरावा, कारण पूड आणि चटणीच्या रूपात हे दोन्ही पदार्थ कुठेही असू शकतात.

सुटी कधी मिळते यावर बेटाची निवड अवलंबून ठेवावी. फुकेतकडील अंदमान किनाऱ्यावर साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, समुद्र खवळलेला असतो आणि ताज्या मासळीची निवड घटते. त्यामुळे दिवाळीनंतरची किंवा नाताळची सुटी फुकेतला योग्य, तर शाळांच्या मे महिन्याच्या सुटीत थायलंडच्या आखातातील सामुई बेटाचा विचार करावा, कारण तिथला मुसळधार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. सामुई हे नारळाचे बेट आहे आणि खोबरे, खेकडा व कापी एकत्र कालवून करवंटीत लिंपून निखाऱ्यावर भाजलेली खोय ची ही तिथली खासियत कोकणी माणसाने आवर्जून खावी.

परतताना कापी, ताडगूळ, वाळलेले सोम खाएक आणि सीलबंद वाटणे आणण्यासारखी आहेत. कापी दोन पिशव्यांत बांधून कपड्यांपासून दूर ठेवावी. कुलिंजनाचे ताजे कंद, गवती चहाचे ठोंब किंवा मकरूत लिंबाचे रोप आणण्याचा मोह परसबाग असलेल्या घरांना होतो, पण परदेशातून रोपे, बियाणे आणि लागवडीयोग्य कंद आणण्यावर वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार निर्बंध आहेत, कारण त्यांच्याबरोबर नवी कीड येऊ शकते. मकरूत लिंबाची कलमे भारतातील रोपवाटिकांतही मिळू लागली आहेत, आणि लिंबूवर्गीय झाड जिथे रुजते अशा निचऱ्याच्या जमिनीत ते लावले तर पानांसाठी दर वेळी मुंबईपर्यंत जावे लागत नाही.